बहिऱ्या मीटरची साक्ष

रेडिओ लहरी पाठवणारा ट्रान्समीटर बिघडला तरी गप्प बसत नाही, हीच त्याची खरी अडचण. पंखा बंद पडला तर पातं फिरत नाही, इस्त्री गेली तर तापत नाही, बघताक्षणी कळतं. कमी ताकदीचा ट्रान्समीटर मात्र अर्धामुर्धा जिवंत राहतो. बॅटरी जोडली की दिवा लागतो, मोर्सचा खटका दाबला की त्याच टेबलावरच्या रिसीव्हरमध्ये खणखणीत शिट्टी वाजते आणि माणूस निर्धास्त होतो. तासन्‌तास हाका मारत राहतो. उत्तर येत नाही. मग दोष कधी हवामानाला दिला जातो, कधी अँटेनाला, कधी थेट सूर्यावरच्या डागांना.

खानापूर तालुक्यातल्या एका मास्तरांचं नेमकं हेच झालं होतं. जांबोटीच्या बाजूला त्यांचं घर. तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी त्याच वाटेवर. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या, बेळगाव जिल्ह्यातली कित्येक गावं पाण्यात गेली, रस्ते तुटले, वीज गेली. त्या दिवसांनंतर मास्तरांनी ठरवलं की आपल्या गावात बिनतारी बोलता येणारं एक तरी माणूस असलं पाहिजे. हौशी रेडिओची परीक्षा दिली, मोर्स शिकले, परवाना मिळवला. अ‍ॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात स्वतः ट्रान्समीटर बांधला. फ्रिक्वेन्सी ठरवणारा 7.030 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे हौशी लोकांच्या भाषेत 40 मीटरचा बँड. तीन ट्रान्झिस्टर, बारा व्होल्टची बॅटरी. दोन वर्षं तो उत्तम चालला. पुण्यापर्यंत, हैदराबादपर्यंत बोलणी झाली. मग एका पावसाळ्यानंतर उत्तरं यायची थांबली.

डबा माझ्या टेबलावर ठेवून मास्तर म्हणाले, "ऐकाय तर येतंय की हो. आमच्या रेडिओत काय कडक वाजतंय! मग उत्तर कोणच कसं देईना झालंय?"

त्या प्रश्नातच सगळी मेख होती. शेजारच्या रिसीव्हरची साक्ष इथं कामाची नाही, कारण रिसीव्हरचा कान फारच तिखट असतो. आकड्यांतच बघू. रिसीव्हरच्या मीटरवर ज्याला 'एस-नऊ' म्हणतात, म्हणजे चांगला ठणठणीत सिग्नल, त्याला लघुलहरींवर अँटेनाच्या टोकाशी 50 मायक्रोव्होल्ट पुरतात. 50 ओहमच्या हिशेबानं ही ताकद होते 50 पिकोवॅट. एक मिलीवॅट म्हणजे याच्या दोन कोटी पट. दुसऱ्या शब्दांत, ट्रान्समीटरचा शेवटचा ट्रान्झिस्टर साफ मेला असला आणि पहिल्या टप्प्यातून नुसती गळती होत असली तरी हातभर अंतरावरचा रिसीव्हर तितक्याच जोमानं ओरडणार. त्याला जिवंत आणि अर्धमेला यांत फरकच कळत नाही. सगळंच ऐकू येणारा साक्षीदार अशा वेळी निरुपयोगी. इथं हवा बहिरा साक्षीदार, ज्याला कुजबुज ऐकूच येत नाही आणि जो मान हलवतो तो खरोखर ताकद असेल तेव्हाच.

असा साक्षीदार घरी बनवता येतो. एक डायोड, एक कपॅसिटर, दोन-चार रेझिस्टन्स आणि ज्याच्या त्याच्या घरात असतो तो डिजिटल मल्टीमीटर. या एवढ्याशा मांडणीवर माझा किती जीव आहे ते या लेखातून कळेलच, लपवण्यासारखं त्यात काही नाही. लहरीचं चित्र पडद्यावर दाखवणारा महागडा ऑसिलोस्कोप ज्यांच्याकडे असेल त्यांनी जरूर वापरावा. पण आमच्या भागात हा छंद बाळगणाऱ्या बहुतेकांकडे तो नसतो. बेळगावात पूर्वी गल्लोगल्ली रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं होती, तिथं काउंटरमागे बसलेले जाणते लोक होते. आता त्याच गाळ्यांत मोबाइलची कव्हरं लटकतात. पार्ट लागला तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून कुणाच्या तरी हातून मागवायचा, नाहीतर बेंगळुरूच्या एसपी रोडवरून. आम्ही दोहोंच्या मधोमध. त्यामुळे घरात जे आहे त्यात भागवायची सवय इथल्या माणसाला आपसूकच लागते.

मल्टीमीटर थेट एसीवर लावून का मोजत नाही, असं कुणालाही वाटेल. साध्या मल्टीमीटरची एसी रेंज घरच्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी असते. फार तर शेकडो, काही मीटरांत थोडे हजार हर्ट्झपर्यंत तिचा भरवसा. इथं सेकंदाला सत्तर लाख हेलकावे. मीटर काहीतरी आकडा दाखवेल, पण त्याला अर्थ नसेल. म्हणून आधी त्या हेलकाव्यांचं सरळ डीसी करून घ्यायचं, आणि डायोडचं काम तेवढंच. तो एका दिशेनं विद्युतधारा जाऊ देतो, दुसऱ्या दिशेनं अडवतो. त्याच्या पुढं एक छोटा कपॅसिटर ठेवला की तो लहरीच्या सर्वोच्च टोकापर्यंत भरतो आणि तिथंच टिकून राहतो. मल्टीमीटरला मग स्थिर डीसी व्होल्ट दिसतात.

पण हे सगळं मोजायचं कशावर? ट्रान्समीटरला अँटेनाच्या जागी नकली ओझं लागतं, डमी लोड. मी 100 ओहमचे दोन वॅटवाले कार्बन फिल्मचे दोन रेझिस्टन्स शेजारी शेजारी जोडले: 50 ओहम, चार वॅट. इथं एक पथ्य पाळावंच लागतं. पांढऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यासारखे जे मोठ्या वॅटेजचे रेझिस्टन्स मिळतात त्यांच्या पोटात तारेचं वेटोळं असतं. डीसीला ते चोख चालतात, पण सात मेगाहर्ट्झला ते वेटोळं कॉइल होऊन बसतं आणि 50 ओहम हे 50 ओहम राहत नाहीत. डमी लोडचे पाय तोकडे कापले, तांब्याच्या पीसीबीच्या तुकड्यावर बसवले, त्याच्या डोक्यावरून 1एन4148 हा काचेचा डायोड, पुढं 0.01 मायक्रोफॅरडचा चकतीसारखा सिरॅमिक कपॅसिटर जमिनीला, म्हणजे सर्किटाच्या सामायिक शून्य टोकाला. झालं.

हिशेबही हातावर मावणारा. मीटरवरच्या आकड्यात डायोडनं खाल्लेले साधारण 0.6 व्होल्ट मिळवायचे, बेरजेचा वर्ग करायचा, शंभरानं भागायचं. उत्तर वॅटमध्ये. शंभर का, तर सर्वोच्च टोकाच्या व्होल्टेजवरून ताकद काढताना वर्गाला दुप्पट रेझिस्टन्सनं भागतात, आणि 50 ची दुप्पट शंभर. एक वॅटला टोक 10 व्होल्टचं, पाच वॅटला 22 च्या थोडं वर. हौशी मंडळी मोर्सवर पाच वॅट किंवा त्याहून कमी ताकदीला क्यूआरपी म्हणतात, म्हणजे या बारक्या मीटरमध्ये त्यांचं सगळं जग येतं.

त्या 0.6 व्होल्टबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण या यंत्राचा स्वभाव त्यातच आहे. सिलिकॉनचा डायोड उंबरठा ओलांडल्याशिवाय नीट वाहत नाही. धारा अगदी सूक्ष्म असली तर हा उंबरठा आणखी खाली सरकतो, म्हणून 0.6 हा आकडा ढोबळच. टोक दहा व्होल्टचं असेल तर ही चूक शंभरात सहाची. सुधारली तरी चालेल, सोडली तरी चालेल. टोक एका व्होल्टचं असेल तर मात्र निम्म्याहून जास्त रक्कम डायोडच गिळतो. आणि टोक उंबरठ्याच्या खाली असेल तर मीटर जवळपास शून्यावर. 50 ओहमवर हा उंबरठा म्हणजे सुमारे तीन-चार मिलीवॅट. त्याखालचं सगळं या यंत्रासाठी अस्तित्वातच नाही. पुस्तकांत ही मर्यादा म्हणून सांगितलेली असते. माझ्या लेखी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. रिसीव्हरला जिथं जिवंत सिग्नल दिसतो तिथं हा शून्य दाखवतो, आणि खरं तेच असतं.

जुन्या रेडिओतून काढलेला जर्मेनियमचा डायोड, ओए79 किंवा 1एन34, हाताशी असेल तर त्याचा उंबरठा 0.2-0.3 व्होल्टचाच. तो मी दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलाय, पुढं सांगतो.

ही सगळी वंशावळ फार जुनी आहे, आणि मला ती मनापासून आवडते. 1880 च्या दशकात जर्मनीत हर्ट्झ या शास्त्रज्ञानं रेडिओ लहरी पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा त्याचा डिटेक्टर, म्हणजे लहर आल्याचं ओळखणारं साधन, होतं तारेचं एक कडं आणि त्यातली केसाएवढी फट. लहर आली की फटीत बारीकशी ठिणगी उडायची, अंधारात डोळे ताणून बघावी लागायची. फ्रान्समध्ये ब्रान्लीनं 1890 च्या सुमारास धातूच्या किसानं भरलेली काचनळी वापरली. आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर धातूचं टोक टेकवून लहरी पकडल्या. त्या डिटेक्टरचं अमेरिकी पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळालं. स्फटिक आणि त्यावर टेकलेलं टोक, म्हणजे आजच्या डायोडचाच पूर्वज. आपल्या देशात, आपल्याच पैशानं उभारलेल्या प्रयोगशाळेत माणसानं हे केलं, हे माझ्या मनातून जात नाही. रुपया-दोन रुपयांचा काचेचा डायोड चिमट्यात धरताना मला दरवेळी त्यांची आठवण होते.

आमच्या घरातही एक डिटेक्टर होऊन गेला. आजोबांनी पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळून, एक जर्मेनियमचा डायोड आणि हेडफोन लावून बिनबॅटरीचा रेडिओ केला होता. परसातल्या फणसावर तार टाकली की धारवाड केंद्र यायचं, 765 किलोहर्ट्झ. कानडी बातम्या, वचनं, मन्सूरांचं गाणं. बेळगावच्या मराठी घरात धारवाडची आकाशवाणी ही घरचीच गोष्ट, तिला परकं कुणी म्हणत नाही. माझ्या डमी लोडवरचं सर्किट आणि आजोबांचा रेडिओ यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. त्यांनी त्याच डायोडनं आलेलं गाणं ऐकलं, मी जाणारा सिग्नल मोजतो.

डमी लोडवरच्या डिटेक्टरनं एकच गोष्ट कळते: शेवटी किती ताकद बाहेर पडली. ती कुठं हरवली हे कळायला हातात धरायचा प्रोब लागतो. त्याची मांडणी थोडी वेगळी. टोकाला 0.01 चा कपॅसिटर, म्हणजे सर्किटातलं डीसी आत येणार नाही. त्यामागं डायोड जमिनीला. आणि तिथून 4.7 मेगओहमचा रेझिस्टन्स मल्टीमीटरकडे. हा आकडा मुद्दाम निवडलेला असतो. बहुतेक डिजिटल मीटरांचा आतला रोध 10 मेगओहम असतो. दोघांच्या वाटणीत सर्वोच्च टोकाचा जवळपास सत्तर टक्के भाग मीटरच्या वाट्याला येतो, आणि साइन लहरीचं आरएमएस मूल्य, म्हणजे ताकदीच्या हिशेबाला धरायचं परिणामी व्होल्टेज, तेही टोकाच्या 70.7 टक्केच. म्हणजे डोकं न चालवता मीटरवर आरएमएस व्होल्टच्या आसपासचा आकडा. कुणीतरी फार वर्षांपूर्वी ही युक्ती काढली आणि जगभर ती चालत आली.

सगळे पार्ट मी अ‍ॅल्युमिनियमच्या एका बारीक नळीत बसवले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या लेथवाल्यानं पितळेची टोकदार पिन कातून दिली, त्याच्या हाताला तो पाच मिनिटांचा खेळ. नळी जमिनीला जोडलेली, तिच्यातून निघणारी वायर शील्डवाली, आणि जमिनीची क्लिप वीतभरापेक्षा लांब नाही. ट्रान्समीटरजवळ मल्टीमीटर स्वतःच बिथरतो, त्याच्या लांब वायरी अँटेना होऊन बसतात आणि काहीबाही आकडे येतात. म्हणून कामाला बसण्याआधी प्रोबचं टोक त्याच्याच क्लिपला लावायचं, ट्रान्समीटर चालू करायचा आणि मीटर शून्यावर राहतो का ते बघायचं. ही तपासणी न करता घेतलेल्या कुठल्याच आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बेळगावच्याच शहापुरात राहणारे माझे सर, निवृत्त फिजिक्सचे शिक्षक, या कामात सोबत होते. त्यांचं घर कानडी, माझं मराठी, मास्तर दोन्हीत सराईत. सर एक गोष्ट फार आग्रहानं सांगतात: आकडा बघण्याआधी अंदाज बोलायचा नाही. "मोदलु नोडोणा," आधी बघू या. बॅटरीपासून सुरुवात केली. नुसती 12.6 व्होल्ट, खटका दाबल्यावर 12.5. बॅटरी निर्दोष. अँटेनाच्या जागी डमी लोड लावला, खटका दाबला. मीटरवर 1.1.

मास्तरांनीच हिशेब केला. 1.1 अधिक 0.6, 1.7, वर्ग 2.89, शंभरानं भागून 0.029. एकोणतीस मिलीवॅट. दीड वॅट यायला हवा तिथं त्याचा पन्नासावा भाग. मास्तर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. रोज संध्याकाळी बसून त्यांनी किती हाका मारल्या असतील, त्या सगळ्या या एकोणतीस मिलीवॅटनं.

दीड वॅटची अपेक्षा कुठून, तेही सांगतो. असल्या साध्या ट्रान्समीटरमध्ये शेवटचा ट्रान्झिस्टर थेट 50 ओहमकडे बघत असेल, तर त्याचं टोक बॅटरीच्या व्होल्टेजच्या फार पुढं जाऊ शकत नाही. 12 चा वर्ग 144, भागिले 100, म्हणजे दीड वॅटच्या आसपासच. याहून जास्त हवं तर मधे ओहम जुळवणारी व्यवस्था लागते. याचा अर्थ मास्तरांचा डबा चांगल्या दिवसांत आपल्या पूर्ण ताकदीनं चालत होता.

दुसरी साक्ष अ‍ॅम्पिअर मीटरची घेतली. खटका दाबल्यावर सगळा डबा मिळून जेमतेम 40 मिलिअ‍ॅम्पिअर खात होता. दीड वॅट बाहेर काढणारा ट्रान्झिस्टर एवढ्यावर चालूच शकत नाही. म्हणजे तो काम करायला उठतच नव्हता. एक तर तो मेलेला, नाहीतर त्याला उठवणारा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप तलावाचं पाणी गल्लीत आलं नाही तर पाणीवाला टाकीपासून एकेक व्हॉल्व्ह उघडून बघत येतो, तसं आता टप्प्याटप्प्यानं पुढं सरकायचं.

पहिला टप्पा ऑसिलेटर, लहर निर्माण करणारा. त्याच्या क्रिस्टलला प्रोब मी लावत नाही. प्रोबचं थोडंसं ओझंही तिथं पडलं तर कंपनं थांबू शकतात, आणि मग चांगला ऑसिलेटर मेलेला वाटतो. त्याच्या पुढच्या टोकावर मोजलं: 1.4 व्होल्ट, ठीक. मधला टप्पा ड्रायव्हर, त्याच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या पायावर, 4.1, उत्तम. तिथून सिग्नल एका चिमुकल्या फेराइट रिंगवरच्या ट्रान्सफॉर्मरमधून शेवटच्या बीडी139 या ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या पायाला, जातो. बेसवर टोक टेकवलं: 0.3.

4.1 आणि 0.3. मधे फक्त ती रिंग. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो हे खरं, पण इतकं नाही.

ती रिंग मास्तरांनी बिघडलेल्या सीएफएल दिव्यातून काढली होती. अशा दिव्यांच्या बुडाशी असलेल्या सर्किटात बहुधा एक छोटी फेराइट रिंग सापडते. आपल्याकडच्या घरबांधणी रेडिओवाल्यांची ही परंपराच आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी 2003 च्या सुमारास बिट-एक्स नावाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणं आणि ऐकणं दोन्ही करणारा रेडिओ, तयार केला तेव्हा बाजारात मिळत नसलेल्या रिंगांच्या जागी नळाचे वॉशर वापरून त्यावर कॉइल गुंडाळल्या, आणि तो आराखडा जगभरच्या हौशी लोकांनी बांधला. नळाच्या वॉशरवर जर रेडिओ उभा राहतो तर सीएफएलच्या रिंगेनं काय घोडं मारलंय? रिंग शाबूत होती.

मी उदबत्तीची एक काडी घेतली, लाकडाची, म्हणजे सर्किटाला काही बाधा नाही. सरांनी खटका दाबून धरला, मास्तर डमी लोडवरच्या मीटरकडे बघत होते, आणि मी काडीनं ट्रान्सफॉर्मरच्या एकेका तारेला हलकेच दाबत गेलो. पहिल्या तीन तारांना काही नाही. चौथीला, बेसकडे जाणारीला, मास्तर ओरडले, "आला! आला! गेला!" मीटर अकराच्या वर जाऊन परत खाली पडला होता.

भिंगातून बघितलं. इनॅमलची तार, 28 गेजची, सोल्डरच्या थेंबात शिरते तिथं बारीकशी हिरवी कडा होती. वरून डाग चकचकीत, गोल, कुणीही चांगला म्हणेल असा. पण खाली फ्लक्सचा, म्हणजे डाग देताना वापरतात त्या राळेचा, चिकट थर राहिलेला, त्यावर जांबोटीकडची चार महिन्यांची ओली हवा, आणि तांबं आतल्या आत खात गेलेलं. तार तुटलेली नव्हती, जोडलेलीही नव्हती. म्हणूनच तर थोडासा सिग्नल झिरपत होता आणि डबा अर्धमेल्या अवस्थेत चालत होता. मल्टीमीटरची बीप लावली तर कधी वाजे, कधी नाही.

तारेचं खराब टोक कापलं. सुदैवानं रिंगेजवळ थोडी ढील होती. ब्लेडच्या पाठीनं इनॅमल खरवडलं, चारी बाजूंनी तांबं लालसर उजळ दिसेपर्यंत. एका बाजूनं खरवडून भागत नाही, कारण इनॅमल डोळ्यांना फसवतं, तेही तांब्याच्याच रंगाचं. आधी तारेवर कथील चढवलं, मग जागेवर डाग दिला. जुना फ्लक्स थिनरनं धुऊन काढला. बाकीच्या तीन तारांचंही तेच केलं, कारण तोच पाऊस त्यांच्यावरही पडला होता.

खटका. डमी लोडवर 11.6. अधिक 0.6, 12.2, वर्ग जवळजवळ 149, दीड वॅट. बेसवर 1.2. बॅटरी आता 220 मिलिअ‍ॅम्पिअर देत होती, म्हणजे साडेबारा व्होल्टच्या हिशेबानं पावणेतीन वॅट आत आणि दीड बाहेर. उरलेलं उष्णता होऊन बीडी139 च्या पत्र्यातून जातं. या ट्रान्झिस्टरची पाठ कलेक्टरला जोडलेली असते, म्हणून डब्याला टेकवताना मधे अभ्रकाची चकती हवी. मास्तरांनी ती घातलेली होती, नीट, ग्रीस लावून. मी तसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

इथं काम संपलं असं वाटून अँटेना लावायचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण आमचा बहिरा साक्षीदार एका बाबतीत आंधळाही आहे. त्याला ताकद दिसते, ती कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे दिसत नाही. शेवटचा ट्रान्झिस्टर लहरीची मोडतोड करतो, त्यातून 7.030 बरोबर 14.060, 21.090 असे पटीतले हार्मॉनिक निघतात. ते अडवायला पुढं लो-पास फिल्टर असतो. फिल्टरातला एखादा कपॅसिटर निकामी झाला असेल तर डिटेक्टर दीड वॅटच दाखवेल, पण त्यातला काही हिस्सा दुसऱ्यांच्या बँडमध्ये घुसलेला असेल. परवाना ही नुसती सवलत नव्हे, शेजाऱ्यांच्या लहरी साफ ठेवायची जबाबदारीही आहे. इथं मग रिसीव्हरचा तिखट कान कामाला येतो. डमी लोड तसाच ठेवून, अँटेना काढलेला रिसीव्हर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि 14.060 वर ऐकलं. शिट्टी होती, पण 7.030 च्या मानानं अगदीच फिकी. रिसीव्हर इतका संवेदनशील असताना ती मुळीच येऊ नये अशी अपेक्षा करणं चूक. तुलना महत्त्वाची. फिल्टर आपलं काम करत होता.

पुढच्या रविवारी आम्ही जांबोटीकडे गेलो ते राखून ठेवलेला जर्मेनियम डायोड घेऊन. जुन्या टेपरेकॉर्डरमधला काट्याचा मीटर, त्याला हा डायोड, आणि हातभर तार: क्षेत्राची तीव्रता बघायचं मीटर तयार. याला बॅटरी लागत नाही, हवेतल्या लहरींवरच काटा हलतो. मास्तरांची अँटेना म्हणजे दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मधे बांबू, दोन्ही टोकं घराच्या आणि आंब्याच्या दिशेला उतरलेली. मीटर हातात घेऊन मी तारांखालून चालत गेलो, तारेपासून अंतर सारखं राहील असं बघत. आंब्याकडच्या तारेखाली काटा घराकडच्याइतकाच उठत होता. तारा दोन्हीकडे सारख्या जिवंत. इथं आकड्यांना काही किंमत नाही, हा मीटर वॅट सांगत नाही. तो फक्त इकडे आणि तिकडे सारखं आहे का एवढंच सांगतो, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

मास्तरांनी हाक मारली. सात मेगाहर्ट्झ दिवसा शे-चारशे किलोमीटरच्या परिसराला फार चांगला, लहर जवळजवळ सरळ वर जाऊन खाली उतरते, मधल्या घाटांची तिला पर्वा नाही. काही मिनिटांनी उत्तर आलं. पुण्याकडचं स्टेशन, संथ हात, जुन्या वळणाचा. रिपोर्ट पाच-पाच-नऊ, म्हणजे नीट वाचता येणारा, बऱ्यापैकी ताकदीचा, स्वच्छ सुराचा सिग्नल. मास्तरांचा खटक्यावरचा हात थरथरत होता, तरी त्यांनी पूर्ण नाव-गाव पाठवलं, हवामान पाठवलं, पाऊस थांबल्याचं पाठवलं. सरांनी एकेक अक्षर कागदावर उतरवून घेतलं.

निघण्याआधी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला. बॅटरी 12.6, खटका दाबून 12.5. ऑसिलेटरनंतर 1.4. ड्रायव्हरच्या कलेक्टरवर 4.1. बेसवर 1.2. डमी लोडवर 11.6. एकूण धारा 220 मिलिअ‍ॅम्पिअर. खाली तारीख, आणि हे आकडे कुठल्या प्रोबनं घेतले तेही: 1एन4148, 4.7 मेगओहम, दहा मेगओहमचा मीटर. दुसऱ्या प्रोबनं मोजलं तर आकडे वेगळे येतील आणि मोजणारा उगाच चांगल्या टप्प्यात दोष शोधत बसेल. मास्तर आता शाळेतल्या मुलांकडून तसेच दोन प्रोब बांधून घेणार आहेत, त्यासाठी मी डायोडची एक पट्टी त्यांच्याकडे ठेवून आलोय. पितळेच्या पिना मात्र त्यांना उद्यमबागेतूनच न्याव्या लागतील.